जुन्या गाडीचे ब्रेक आवाज करतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चिपळूणला आमचं छोटं गॅरेज आहे. मारुती ८००, अल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका अशा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त चाललेल्या गाड्याच आमच्याकडे जास्त येतात. या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी थाळी, तिला दोन्ही बाजूंनी पॅड आवळतात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून शू दाबतात; शूवरचा घासणारा थर म्हणजे लायनर. खालची उत्तरं तशाच गाड्या समोर ठेवून दिली आहेत. फोनवर रोज जे विचारलं जातं, तेच इथे लिहिलं आहे.

ब्रेक मारला की आवाज येतो. गॅरेजला आणण्याआधी मी काय बघू?

आवाज नीट ऐका. "ब्रेक ओरडतायत" एवढंच कळलं तर आम्हाला चारही चाकं खोलावी लागतात. आवाज कधी येतो ते सांगितलंत तर बऱ्याचदा एकाच चाकावर काम भागतं.

रेडिओ आणि पंखा बंद करा, चारही काचा खाली घ्या. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत वीस-तीसच्या वेगाने गाडी न्या. भिंतीवरून आवाज परत येतो, त्यामुळे डावीकडचा की उजवीकडचा ते कळतं. एकदा जाताना आणि एकदा येताना असं करा. मग स्वतःला चार गोष्टी विचारा. आवाज पेडल दाबल्यावरच येतो, की गाडी नुसती चालतानाही येतो? पेडल दाबल्यावर तो वाढतो, की बंद होतो? गाडी गार असताना येतो, की तासभर चालल्यावर? गाडी हळू झाली की आवाजाची लयही हळू होते का? लय चाकाबरोबर बदलत असेल तर दोष फिरणाऱ्या भागात आहे.

पुढचा की मागचा हे कळत नसेल तर एक सोपी युक्ती आहे. या गाड्यांचा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. मोकळ्या, सपाट, कोरड्या मैदानात दहा-पंधराच्या वेगाने जाताना हँडब्रेकचं बटण दाबून धरा आणि तो हळूहळू ओढा. बटण सोडू नका, म्हणजे हँडब्रेक लगेच खाली घेता येईल. तोच आवाज आला तर तो मागच्या ड्रमचा. रहदारीच्या रस्त्यावर हे करू नका. पावसात तर मुळीच नको.

शेजारी बसलेल्या माणसाला मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायला सांगा. गॅरेजमध्ये आल्यावर आवाज गायब होतो हा अनुभव इतक्या जणांना येतो, की रेकॉर्डिंग हाताशी असलेलं बरं.

सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला खरखर होते, मग थांबते. काळजीचं आहे का?

नाही. डिस्क बिडाची असते. रात्रभर पाऊस किंवा दमट हवा लागली की तिच्यावर तांबूस गंजाचा पातळ थर चढतो. पहिल्या काही ब्रेकला पॅड तो थर पुसून काढतात, त्याची ती खरखर. गाडी धुतल्यावरही असंच होतं. आमच्या कोकणात जून ते सप्टेंबर हा आवाज जवळजवळ रोजचा.

दोन-तीन किलोमीटर जाऊनही खरखर थांबली नाही तर मात्र बघायला हवं. मुंबई-पुण्याला राहणाऱ्यांची गाडी गावी महिनोनमहिने उभी असते आणि गणपतीत एकदम बाहेर निघते. अशा गाडीच्या डिस्कवर गंजाचे खड्डे पडलेले असतात आणि ते पुसून जात नाहीत. गाडी पावसाळ्यात जास्त दिवस उभी ठेवणार असाल तर हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटून बसतात. सपाट जागी लावा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. लायनर चिकटलेलेच असतील तर गाडी हलवताना मागून "टक" असा जोरात आवाज येतो. तो एकदाच आला आणि पुढे सगळं ठीक वाटलं तरी ड्रम एकदा खोलून घ्या.

चीं चीं अशी बारीक शिट्टी वाजते. पॅड संपले का?

संपले असतील, पण नक्की नाही. बऱ्याच पॅडना कडेला एक छोटी वाकवलेली पोलादी पत्ती असते. पॅडचा मसाला, म्हणजे घासणारा थर, साधारण दोन मिलीमीटर उरला की ही पत्ती डिस्कला टेकते आणि किंचाळते. पॅड बदला हे सांगायलाच ती बसवलेली असते. पत्तीचा आवाज बारीक, एकसुरी असतो आणि कित्येकदा पेडल न दाबताही येतो. स्वस्त लोकल पॅडना मात्र ही पत्ती नसते. म्हणून शिट्टी वाजत नाही म्हणजे पॅड चांगले आहेत, असं समजू नका.

पॅड शाबूत असूनही शिट्टी येते त्याची कारणं वेगळी. घाटात सतत ब्रेक दाबून पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. पॅडच्या मागची शिम, म्हणजे आवाज दाबणारी पातळ पट्टी, कुणीतरी काढून टाकलेली असते. कधी पॅडचा मसालाच फार कडक असतो. पॅड काढून उजेडात तिरका धरा. चकाकला तर गुळगुळीत झाला आहे. पॉलिश पेपरवर हलक्या हाताने घासून काही काळ काम चालतं, पण तो फार तापला असेल तर बदललेलाच बरा.

मसाला तीन मिलीमीटरपर्यंत आला की आम्ही पॅड बदलायला सांगतो. स्टीलच्या रिममधून नीट दिसत नाही, चाक काढूनच बघा. बघताना आतला पॅड बघायला विसरू नका. बाहेरचा पॅड डोळ्यांना दिसतो म्हणून सगळे तोच बघतात. मागच्या पावसाळ्यात एक वॅगन आर आली होती. बाहेरच्या पॅडला निम्मा मसाला शिल्लक होता आणि आतला पॅड साफ पत्र्यावर आला होता. पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनेवर सरकतो ती सरकपिन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकतच नव्हता, म्हणून सगळं काम आतला एकटा पॅड करत होता. मालकांनी महिनाभर आधी स्वतः वाकून बघितलं होतं आणि "पॅड आहेत अजून" म्हणून निश्चिंत झाले होते.

आवाज शिट्टीसारखा नाही. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खर्रर्र येतो.

गाडी थांबवा. या एका आवाजाला आम्ही "गाडी घेऊन या" म्हणत नाही, आहे तिथे लावा आणि टो करून आणा म्हणतो.

मसाला संपून पॅडचा लोखंडी पत्रा थेट डिस्कवर घासतो तेव्हा हा आवाज येतो. लोखंडावर लोखंडाची पकड पॅडइतकी बसत नाही, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागतं. डिस्कवर नांगर फिरवल्यासारख्या चऱ्या पडतात. मसाला गेल्यामुळे कॅलिपरचा पिस्टन नेहमीपेक्षा बाहेर येतो, त्याच्या सीलमधून ब्रेक ऑइल गळू शकतं. ऑइल गळालं की पेडल खाली जातं. कमी रस्त्याने, हळूहळू घरापर्यंत नेऊ, असा विचार लोक करतात. कृपा करून करू नका. घरच्या आळीतच पोरं खेळत असतात.

डिस्कवर चऱ्या पडल्या. लेथवर मारून (घासून सपाट करून) घेऊ की नवी टाकू?

डिस्कवर किंवा तिच्या हबवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. लेथवर मारल्यानंतर जाडी त्या आकड्याच्या वर राहणार असेल तरच मारा. पातळ डिस्क लवकर तापते आणि तिला तडा जाऊ शकतो. या छोट्या गाड्यांच्या डिस्क मुळातच फार जाड नसतात. एकदा लेथवर गेलेली डिस्क दुसऱ्यांदा पाठवायला आम्ही नाही म्हणतो. बदलायची तर डावी-उजवी जोडीने बदला, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते.

मागून घरघर येते, कधी डब्यात काहीतरी हलल्यासारखं वाटतं.

ड्रम बंद डब्यासारखाच असतो, झिजलेल्या लायनरची भुकटी आतच साठते. ती जास्त झाली की घरघर, किचकिच येते. ड्रम खोलून साफ केला की बऱ्याच गाड्यांचा आवाज तेवढ्यानेच जातो. पुढचे पॅड दोनदा बदलले जातात तोवर मागचा ड्रम कुणी उघडलेलाही नसतो, असं नेहमी दिसतं.

खडखड येत असेल तर आतली स्प्रिंग तुटलेली असू शकते किंवा शूला धरून ठेवणारी पिन निसटलेली. लायनर पार झिजला असेल तर शूचा लोखंडी भाग ड्रमला घासतो. ड्रमच्या आत बोट फिरवून बघा. कडेला उंचवटा लागला तर ड्रम झिजला आहे. चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओलसर डाग दिसला तर शूला ढकलणारा व्हील सिलिंडर गळतोय. ऑइल पिऊन भिजलेले लायनर धुऊन वाळवून परत वापरू नका, ते परत धरत नाहीत.

मारुती ८००सारख्या गाडीत मागच्या चाकाची बेअरिंग ड्रममध्येच बसलेली असते. ड्रम बाहेर आलाच आहे तर बेअरिंग हातात फिरवून बघा, ग्रीस करून घ्या. दोन्ही कामं एकाच मजुरीत होतात.

एक सूचना कळकळीची. ड्रममधली भुकटी तोंडाने फुंकू नका, हवेच्या पाइपनेही उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. तो फुफ्फुसात गेला की बाहेर निघत नाही आणि त्याचा आजार कित्येक वर्षांनी उठतो. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनर मारा. आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो.

गाडी पुरात बुडाली होती. ब्रेकचं काय बघावं?

२२ जुलै २०२१ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं तेव्हा बाजारपेठेतल्या असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पुढचे कित्येक महिने आम्ही इंजिनं आणि वायरिंगच बघत होतो. गाडी चालू झाली की मालक आनंदाने घेऊन जायचे. ब्रेकच्या तक्रारी पुढच्या वर्षी यायला लागल्या.

त्यातल्या एका अल्टोचा मागचा डावा ड्रम आम्ही खोलला. तो सहज निघेना. हातोड्याने कडेकडेने ठोकून बाहेर काढला तर आतून वाळलेल्या चिखलाचा थर पापुद्र्यासारखा सुटून पडला. लायनर दिसायला जाड होता, जवळजवळ नव्यासारखा. पण शूच्या लोखंडाला खालून गंज चढला होता आणि त्याने लायनर वर उचलला होता. अंगठ्याने दाबल्यावर तो अख्खा सुटून हातात आला. "चालताना मागे कधीतरी कट्ट होतं", एवढीच मालकांची तक्रार होती. सुटलेला लायनर ड्रममध्ये आडवा अडकला असता तर चाक जागच्या जागी जाम झालं असतं.

म्हणून पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचा आवाज येवो न येवो, चारही चाकं खोलून बघा. मागचे शू बदला, सरकपिनी काढून साफ करा, ब्रेक ऑइल पूर्ण काढून नवं भरा आणि नळ्यांत अडकलेली सगळी एअर (हवा) काढून घ्या. सेकंडहँड गाडी घेताना ती पुरातली आहे की नाही हे मागच्या ड्रमच्या आतला चिखल बऱ्याचदा सांगून जातो.

पेडल दाबत नसतानाही आवाज येतो. मग तो ब्रेकचाच का?

कधी ब्रेकचा, कधी नाही. अचानक सुरू झालेला, पत्रा कापल्यासारखा कर्कश आवाज असेल तर डिस्क आणि तिच्यामागचा धूळ अडवणारा पत्रा यांच्यामध्ये खडी अडकलेली असण्याची शक्यता मोठी. महामार्गाच्या कामाने आमच्याकडे खडीला तोटा नाही. आवाज इतका भयानक असतो की चाक निखळतंय असं वाटतं. एक बाई घाबरून गाडी रस्त्यातच सोडून रिक्षाने आल्या होत्या. चाक काढलं, पत्रा स्क्रू ड्रायव्हरने किंचित मागे दाबला आणि हरभऱ्याएवढा खडा टप्पकन खाली पडला. काम तेवढंच. रिव्हर्समध्ये थोडी गाडी घेतली तर कधीकधी खडा आपणहून पडतो.

वेगाबरोबर वाढणारी हूंsss अशी घुमणारी घरघर बेअरिंगची असते. डावीकडे वळताना ती वाढली तर बहुधा उजवी बेअरिंग, उजवीकडे वळताना वाढली तर डावी, कारण वळताना बाहेरच्या चाकावर भार येतो. स्टीअरिंग पूर्ण वळवल्यावरच कट-कट-कट येत असेल तर तो एक्सलच्या जॉइंटचा आवाज, ब्रेकचा त्याच्याशी संबंध नाही.

गाडी चालवून झाल्यावर एखाद्या रिमला हात नेऊन बघा, टेकवू नका. एकच चाक इतरांपेक्षा बरंच तापलेलं वाटलं तर तिथला ब्रेक सुटत नाहीये.

ब्रेक मारला की पुढे "ठक" असा एकच ठोका बसतो.

सगळ्यात आधी चाकांचे नट बघा. पंक्चर काढल्यावर नट नीट आवळलेले नसतात असं अनेकदा होतं. नट समोरासमोरचे, आडवे-तिडवे आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बघायचे.

नट ठीक असतील तर लोअर आर्मचे, म्हणजे चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे, रबरी बुश किंवा बॉल जॉइंट. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे येतो, मेलेला बुश त्या वेळी आर्मला मागेपुढे हलू देतो आणि ठोका बसतो. खड्ड्यातही तोच आवाज येत असेल तर सस्पेन्शनकडेच बघा. रिव्हर्स घेतल्यानंतरच्या पहिल्या ब्रेकला हलका "टक" आला आणि पुढे काही नाही, तर पॅड आपल्या जागेत सरकले एवढंच. तो आवाज मोठा असेल तर पॅडच्या क्लिपा हरवल्या असतील. कॅलिपरचा बोल्ट ढिला असणं हे सगळ्यात धोक्याचं. शंका असेल तर गाडी चालवू नका.

पेडल पायाखाली थरथरतं, स्टीअरिंगही हलतं.

लोक म्हणतात डिस्क बेंड झाली. खरं तर बहुतेक वेळा डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते. केसाच्या जाडीहून कमी फरकही पायाला कळतो. डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज साफ न करता नवी डिस्क बसवली तरीही हे होतं, नवी डिस्क पहिल्या दिवसापासून तिरकी फिरते. स्टीअरिंग हलत असेल तर पुढच्या डिस्क, सीट हलत असेल तर मागचे ड्रम, असा साधारण ठोकताळा.

गाडीत एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि निसरड्यावर करकचून ब्रेक मारल्यावर गुर्रगुर्र करून पेडल पायाला मागे ढकलत असेल तर ते एबीएसचं नेहमीचं काम आहे. पेडल दाबून धरा, सोडू नका.

पेडल दाबल्यावर "फुस्स" असा हवेचा आवाज येतो.

हलकासा, क्षणभरच येत असेल तर तो बूस्टरचा, म्हणजे इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलला जोर देणाऱ्या डब्याचा, नेहमीचा आवाज. पाय पेडलवर असेपर्यंत सतत येत असेल आणि पेडल कडक लागत असेल तर बूस्टरचा पडदा फाटला असेल किंवा व्हॅक्यूमचा पाइप तडकला असेल. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा. पेडल थोडं खाली गेलं तर बूस्टर काम करतोय. हललंच नाही तर गॅरेजला या.

घाट उतरताना आवाज आणि जळका वास येतो, खाली आल्यावर ब्रेक कमी लागतात.

कराडहून येताना कोयनानगर सोडलं की कुंभार्ली घाट लागतो. घाटाखाली पोफळीला पोचेपर्यंत पाय ब्रेकवरून उचललाच नाही तर पॅड इतके तापतात की त्यांची पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी एक धोका. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ प्रतीचं नवीन ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १४० अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल कापसासारखं मऊ होऊन खाली जातं. म्हणून आमच्यासारख्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलाच.

ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा. वेग इंजिनला धरू द्या, ब्रेक थोडा वेळ दाबा आणि सोडा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा इंजिन बंद करणं घाटात अजिबात नको. इंजिन बंद झाल्यावर बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा ब्रेक दाबण्यापुरतंच बळ उरतं. वास यायला लागला तर मोकळ्या जागी थांबा आणि अर्धा तास गार होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका.

नवे पॅड टाकले तरी आवाज येतो. मला फसवलं का?

तसं लगेच समजू नका. नवा पॅड जुन्या डिस्कवर बसायला वेळ लागतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक टाळा आणि मोकळ्या रस्त्यावर पन्नासवरून दहा-पंधरापर्यंत असे दहा-पंधरा सावकाश ब्रेक मारा, मध्ये थोडं चालू द्या.

त्यानंतरही आवाज राहिला तर काम नीट झालेलं नाही. दुसरीकडे पॅड टाकून आलेल्या गाड्यांत क्लिपा आणि शिम गायब असलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. सरकपिनेला साधं ग्रीस फासलेलंही असतं. साध्या ग्रीसने पिनेचं रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम होते. तिथे सिलिकॉनचं ब्रेक ग्रीसच लागतं. आमच्याकडूनही सुरुवातीच्या काळात एका सँट्रोला हीच चूक झाली होती. दोन महिन्यांत गाडी परत आली. काम फुकट करून दिलं आणि तेव्हापासून ते ग्रीस वेगळ्या डबीत ठेवतो.

पॅड बदलताना जुने पॅड, जुन्या क्लिपा आणि नव्या पॅडचा रिकामा खोका मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, कुणी रागावणार नाही.

आवाज बंद करायला डिस्कवर थोडं तेल किंवा स्प्रे मारला तर?

नाही. एकदाही नाही. आवाज जाईल आणि ब्रेकही जातील. चुकून तेल लागलं असेल तर डिस्क ब्रेक क्लीनरने धुवा आणि पॅड बदला.

गाडीला १५ वर्षं झाली, री-पासिंग करायचं आहे. ब्रेकचा आवाज आड येतो का?

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते, मग तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. तपासणीत ब्रेकही बघतात. तारखेच्या आदल्या दिवशी धावपळ करण्यापेक्षा महिनाभर आधी चाकं खोलून घ्या. पार्ट मागवायचा झाला तर जुन्या मॉडेलचे ओरिजिनल शू किंवा व्हील सिलिंडर दुसऱ्या दिवशी मिळतीलच असं नाही.

गॅरेजला गाडी सोडून जाऊ का?

शक्य असेल तर थांबा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून तुम्ही स्वतः गाडी चालवा. ज्या वळणावर, ज्या वेगाला आवाज येतो तो तुमच्या पायाला माहीत असतो. चाक खोलल्यावरही जवळ उभे राहा, पॅड हातात घेऊन बघा, विचारा. काम झाल्यावर पुन्हा तोच रस्ता, तीच भिंत, काचा खाली.